माल्ट बदलताना : सुरतेतल्या स्वयंपाकघरातून

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा 1949चा कायदा 1960 साली राज्य वेगळं झाल्यावरही इथे चालू राहिला, आणि मी तो मनापासून पाळते. म्हणून ब्राऊन एल या बिअरच्या कृतीत यीस्ट घालायची पायरी येते, तिथे मी थांबते. त्याआधीचं सगळं मात्र हौसेनं करते: धान्याला मोड आणणं, वाळवणं, भाजणं, गरम पाण्यात मुरवणं, आणि तो गोडसर तपकिरी अर्क चिमूटभर सुंठ घालून गरमागरम पिणं. कृतीतली माल्टं, म्हणजे मोड आणून वाळवलेली धान्यं, आमच्या वाण्याकडे मिळत नाहीत, त्यामुळे त्यांना पर्याय शोधत गेले. त्यातून हाती लागलेलं सांगते.

1. माल्टचं नाव बघू नका, काम बघा. पेल, म्हणजे फिकट, माल्ट धान्यातल्या पिठाची साखर करतं. क्रिस्टल माल्ट गोडी आणि दाटपणा देतं. चॉकलेट माल्टचं काम रंगाचं आणि कॉफीसारख्या खमंगपणाचं. साखर करणारं द्रव्य म्हणजे डायस्टेस. पेयन आणि पर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी 1833 साली ते माल्टमधून वेगळं काढलं. कडक भाजणीत ते मरतं. म्हणून गडद माल्ट कितीही सुरेख जमलं, तरी फिकटाची जागा ते घेऊ शकत नाही. फिकट माल्ट बहुतांश आणि गडद चवीपुरतं, हे प्रमाण मोडायचं नाही.

2. पाकिटातल्या सोललेल्या बार्लीला मोड येत नाहीत. सालासकट जव हवेत. आषाढात गौरीव्रतासाठी मुली जवारा पेरतात, त्या सुमारास सुरतेत ते सहज मिळतात. पेरणीचं औषध लावलेलं बियाणं मात्र घरातसुद्धा आणू नये.

3. जव आषाढात मिळाले तरी मोड आणण्याचं काम थंडीचं. पावसाळ्यात इथे पापडसुद्धा वाळत नाहीत, आणि उन्हाळ्यात भिजवलेल्या जवांना कोंबाआधी आंबूस वास येतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या पंच्यात पसरते आणि दिवसातून दोनदा हात फिरवते. मुळ्या लगेच दिसतात, पण कोंब सालाखालून सरकत असतो, म्हणून रोज दोन-चार दाणे नखानं सोलून बघायचे. कोंब दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत आला की थांबायचं आणि उन्हात खडखडीत वाळवायचं. मग दाणे तळहातात चोळायचे, मुळ्या गळून पडतात. सुपात पाखडलं की काम झालं.

4. ज्वारीला मोड आणून माल्ट करू नका. आम्ही खानदेशी, ज्वारीवर वाढलेलो, त्यामुळे हे सांगताना जिवावर येतं. पण तिच्या कोंबात धुरिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोंब-मुळ्या पूर्ण निघाल्याची खात्री घरी देता येत नाही. मोड न आणलेली ज्वारी खुशाल वापरा. आधी तिची कण्यांसारखी पेज शिजवायची, कारण जवापेक्षा तिचं पीठ फुलायला जास्त उष्णता लागते. पेज 65 अंशांवर उतरली की त्यात जवाचं माल्ट मिसळायचं.

5. क्रिस्टलला घरचा पर्याय आहे. मोड आलेले ओले जव न वाळवता झाकणाच्या डब्यात घालून ओव्हनमध्ये 65 ते 70 अंशांवर दीड-दोन तास ठेवायचे. साखर दाण्याच्या आतच तयार होते. मग झाकण काढून आच वाढवायची आणि दाणे तांबूस होईपर्यंत भाजायचे. दाताखाली धरला की दाणा काचेसारखा कडकन फुटतो आणि जिभेवर टॉफीची चव येते. गूळ घालून हे साधत नाही. गुळाची गोडी वेगळी, आणि त्यानं दाटपणाही येत नाही.

6. चॉकलेट माल्टसाठी वाळलेलं माल्ट लोखंडी कढईत मंद आचेवर सतत परतायचं. धूर दिसायच्या आत उतरवायचं, कारण कढईची धग पुढेही भाजत राहते. ताज्या भाजणीला उग्र वास असतो. हवाबंद डब्यात दोन आठवडे ठेवली की तो निवतो. किलोभर फिकट माल्टला असं 40 ग्रॅम पुरे.

7. नागलीला, म्हणजे नाचणीला, कमी लेखू नका. डांगमधून येणाऱ्या नागलीला मोड सहज येतात आणि तिच्या माल्टचा प्रताप डोळ्यांनी दिसतो. पळी उभी राहील इतकी घट्ट लापशी कोमट होऊ द्या, चमचाभर नागलीचं माल्ट घाला आणि ढवळत राहा. काही मिनिटांत पळीवरून धार पडू लागते, एक थेंबही पाणी न घालता. 1980च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी याच गुणावर लहान मुलांच्या आहारासाठी संशोधन केलं. बाळाचं पोट छोटं, पातळ पेज जास्त जाते. पण पाणी वाढवून पातळ केली तर तिच्यात कस राहत नाही. माल्टनं पातळ झालेल्या पेजेत धान्य तेवढंच राहतं. अशी पेज बाळाला द्यायची तर माल्ट घातल्यावर पुन्हा एक उकळी काढा. माझ्या मते घरात माल्ट करण्याचं याहून मोठं कारण नाही.

8. माल्ट गरम पाण्यात मुरल्यावर साखर झाली की नाही हे चवीवर सोडू नका. बशीत थेंबभर अर्क घेऊन त्यावर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन टाका. निळं-काळं झालं तर पीठ शिल्लक आहे, आणखी अर्धा तास 65 अंशांवर ठेवा. तपासलेला थेंब फेकून द्यायचा.

9. गाळलेला अर्क उकळून लगेच गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. सुरतेच्या हवेत ओट्यावर राहिला तर यीस्ट न घालताही तो रातोरात फसफसू लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवायचा. उरलेला चोथा कणकेत घालून भाकऱ्या थापायच्या.