यंत्राला 'कळते' म्हणजे काय?



आता मोबाईलला मराठीत प्रश्न विचारला की मराठीतच उत्तर मिळते. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेही ते विचारतात. पण उत्तर देणाऱ्या यंत्राला प्रश्न खरोखर कळलेला असतो का?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० साली यासाठी एका खोलीची कल्पना मांडली. त्यांनी चिनी लिपी घेतली होती, आपण मोडी घेऊ. मोडीचे एक अक्षरही न येणारा माणूस खोलीत बसला आहे. दाराखालून मोडीतील प्रश्न आत येतो. त्याच्याजवळ जाडजूड वही आहे : असे आकार दिसले तर तसे आकार काढावेत. तो ते काढून कागद बाहेर सरकवतो. बाहेरच्यांना वाटते, आत कोणी मोडीचा जाणकार आहे. पण कागद शेताच्या बांधाविषयी होता की कोणाच्या मरणाविषयी, हे त्याला ठाऊकच नाही. सर्ल यांच्या मते संगणकाचेही तसेच आहे. (माणसाला नसेल, पण माणूस आणि वही मिळून मोडी कळते, असे उत्तर काहींनी दिले. तो वाद मिटलेला नाही.)

मात्र एक अडचण आपल्या घरचीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वेदीसेवक मुले लॅटिन उत्तरे घडाघडा म्हणत, पण अर्थ विचारला तर बहुतेकांना सांगता आला नसता. मग तीही त्या खोलीतल्या माणसासारखीच का? मला तसे वाटत नाही. व्याकरण येत नसले तरी आपण कोणापुढे उभे आहोत, घंटी वाजली की गुडघे का टेकायचे, हे त्यांना माहीत होते. कळणे हे केवळ शब्द जुळवण्यात नसते.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावे लागणार नाही. पानाचा फोटो पाहून यंत्र रोग ओळखू शकते आणि त्याचा उपयोगही होतो. पण गारपिटीच्या रात्री पत्र्यावरचा आवाज ऐकत जागलेल्या माणसाला 'गारपीट' या शब्दात जे कळते, ते यंत्रापाशी नसते.

याच संताच्या सणादिवशी, २८ जानेवारी २०२५ रोजी, पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने व्हॅटिकनने 'अँटीक्वा एट नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीची निर्मिती आहे, तिचे दुसरे रूप नव्हे, असे त्यात म्हटले आहे. पोप लिओ चौदावे यांनीही मे २०२५ मध्ये आपले नाव का निवडले हे सांगताना या विषयाचा उल्लेख केला.

आता रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना कोणी मोबाईलकडून लिहून घेतल्या तर? छापील पुस्तकातून आपण प्रार्थना वाचतोच, त्यामुळे शब्द दुसऱ्याचे असण्यात दोष नाही. बायबलचा संदर्भ मात्र उघडून पाहावा, कारण यंत्र चुकीचा अध्यायही तितक्याच ठामपणे सांगते. आणि 'आजाऱ्यांसाठी' असे लिहून आले, तर आपल्या वाड्यात या आठवड्यात कोण आजारी आहे, हे वाचणाऱ्याने आधी विचारून घ्यावे. ते नाव यंत्राला माहीत नसते.