वनस्पतीचा छेद आणि पुराव्याची जपणूक

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते सत्यच असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः सूक्ष्मदर्शक काचपट्टीवर ठेवलेली वस्तू मोठी करून दाखवतो, एवढेच. नमुना तयार करताना बिघडला असेल, तर तो बिघाडही तितकाच मोठा होऊन दिसतो. म्हणून पाहण्याच्या आधीची पायरी, म्हणजे नमुन्याची सिद्धता, हीच खरी कसोटी होय. आम्ही इतिहासाचे अभ्यासक. परंतु पुरावा न बिघडवता तपासणे हे इतिहास आणि वनस्पतिशास्त्र या दोहोंचे समान व्रत असल्याने हा विषय आम्ही घेतला आहे.

1665 साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप पाहिला आणि त्यातील कप्प्यांना ‘सेल’ हे नाव दिले. बूच ही मृत ऊती असल्यामुळे त्यांना केवळ भित्तिका दिसल्या. आतील जिवंत द्रव्य दिसलेच नाही. पेशीतील केंद्रकाला नाव मिळण्यास 1831 साल उजाडावे लागले. रिकामी खोली पाहून तिथे कोणी राहतच नव्हते असे म्हणता येत नाही, हा या घटनेचा पहिला धडा.

बिद्रीच्या परिसरात उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या या पट्ट्यात ऊस घरोघरी परिचित आहे. उसाच्या कांड्याचा आडवा छेद घेतला, तर मृदू पेशींच्या जाळीत विखुरलेले वाहिन्यांचे पुंजके दिसतात. मात्र ज्या साखरेवर आपला कारखाना उभा आहे, ती दिसत नाही. साखर पेशीतील रिक्तिकेत विरघळलेली असते. छेद घेताना कापल्या गेलेल्या पेशींतून ती पाण्यात निघून जाते, आणि पुढे पाणी व अल्कोहोलच्या धुण्यांत उरलेलीही जाते. सुंदर रंगवलेली काचपट्टी पाहून ‘उसात साखर नाही’ असा निष्कर्ष काढणे जितके हास्यास्पद, तितकेच ते शिकवणारे आहे.

शाळेत हाताने छेद घेताना काही नियम कटाक्षाने पाळावेत. पाते धारदार व ओले असावे. बोथट पाते पेशी कापत नाही, चिरडते. नाजूक पान बटाट्याच्या किंवा गाजराच्या तुकड्याच्या खाचेत धरावे. पाते दाबू नये, तिरके ओढावे. पहिले काही छेद टाकून द्यावेत. पातळ छेद ब्रशने उचलून पाण्यात ठेवावा, क्षणभरही सुकू देऊ नये. आच्छादक काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडावी, अन्यथा हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचे हे गोल बुडबुडे अनेक विद्यार्थी पेशी समजून वहीत काढतात.

नमुना कशात ठेवला आहे, हेही महत्त्वाचे. ऱ्होइओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवली की परासरणाने पेशीतील पाणी बाहेर जाते आणि जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आकसतो. हाच रससंकोच होय. साल वेळीच साध्या पाण्यात ठेवल्यास पेशी पुन्हा भरून येतात. प्रयोग म्हणून हे उत्तम आहे. परंतु चुकीच्या द्रावणामुळे नकळत असे घडले, तर आकसलेली पेशी हीच स्वाभाविक पेशी ठरते.

नमुना दीर्घकाळ टिकवायचा असेल, तर त्याचे स्थिरीकरण करावे लागते. 70 टक्के अल्कोहोल 90 भाग, फॉर्मॅलिन 5 भाग आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल 5 भाग हे प्रचलित मिश्रण. अल्कोहोल पेशीला आकसवते, आम्ल तिला फुगवते. दोहोंचा तोल साधावा हा हेतू. तुकडा लहान असावा, तोडल्याबरोबर द्रावणात पडावा आणि द्रावण तुकड्याच्या अनेक पट असावे. फॉर्मॅलिन अपायकारक असल्याने हे काम हवेशीर जागी शिक्षकांनीच करावे. पुढे पाणी काढतानाही अल्कोहोलची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते. घाई केली की ऊती आकसते.

मात्र कोणतेही द्रावण सर्व काही राखत नाही. अल्कोहोलमध्ये पानाचा हिरवा रंग उतरतो. रबरी वडाच्या पानातील कॅल्शियम कार्बोनेटचे खडे आम्लात विरघळतात. उकळल्याने पिष्टाचे कण फुगून आकार गमावतात. म्हणून काय पाहायचे आहे ते आधी ठरवावे आणि मग पद्धत निवडावी. पिष्ट पाहायचे तर ताजा छेद व आयोडीन पुरेसे आहे.

थोर संशोधकही या चकव्यातून सुटलेले नाहीत. जिवाणूंमध्ये ‘मेसोसोम’ नावाचे अंगक असल्याचे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले. पुढे ते रासायनिक स्थिरीकरणातून निर्माण झालेली विकृती असल्याचे दिसून आले. बर्फाचे स्फटिक होण्याआधीच नमुना अतिशीघ्र गोठवण्याची पद्धतही विकसित झाली. या वाटेवरील कार्यासाठी झाक दुबोशे यांना, अन्य दोघांसह, 2017 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या समाजाला या शिस्तीचे मोल विशेष आहे. शतकानुशतके आमच्याविषयीचे ‘नमुने’ इतरांनी तयार केले, त्यांना हवा तो रंग दिला आणि तेच आमचे स्वरूप म्हणून दाखवले. बाबासाहेबांनी 1946 साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात जुनी साधने पुन्हा तपासली, ती या रंगाखालचे वास्तव शोधण्यासाठीच. तथागतांचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे. ‘या आणि पाहा’ असे तो सांगतो. पण पाहणे प्रामाणिक होण्यासाठी पाहण्याची तयारीही प्रामाणिक हवी.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. मुलाच्या प्रयोगवहीतील आकृती पुस्तकातल्यासारखी देखणी नसली, तर त्याला रागावू नका. ‘तू हेच पाहिलेस का?’ असे विचारा. त्याने पाहिलेले वाकडेतिकडे चित्र, त्याशेजारी ‘नमुना पाण्यात, रंग आयोडीन’ अशी नोंद, आणि जे दिसले नाही त्याची मोकळी कबुली, हे पुस्तकातून उतरवलेल्या निर्दोष आकृतीपेक्षा अधिक मोलाचे आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा हक्क आपल्याला संघर्षातून मिळाला आहे. तो नीट वापरण्याची सवय वसतिगृहातल्या या प्रयोगशाळेतच लागावी. जय भीम!