दुभाषी व्हायचंय, पदवी कुठे?

प्रश्न : मुलगी बारावी झाली. तिला सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचं आहे. याच विषयात पदवी करावी का? – एक पालक, सांगली

उत्तर : आपल्याकडे या कामाची रुळलेली वाट पदविकेची आहे. भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी पदविका दोन वर्षांची असून तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिल्लीला २०१५ मध्ये स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र. दोन्हीकडे प्रवेशाची चौकशी करा. पदवी कोणत्याही विषयात सोबत किंवा नंतर होऊ शकते. भाषाशास्त्र घेतलं तर उत्तमच.

अमेरिकेत गॅलॉडेट विद्यापीठात दुभाषीपणाची पदवी मिळते, पण तिथली भाषा अमेरिकन. तिची मुळाक्षरं एका हाताची, आपली बहुतेक दोन हातांची. सांगलीतल्या कर्णबधिर माणसासाठी काम करायचं तर भारतीय भाषाच हवी.

आणि नुसते हात शिकून भागत नाही. ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास का?’ यांत हात तेच राहू शकतात. प्रश्न उमटतो तो वर गेलेल्या भुवयांतून. हे वर्गात अर्धंच येतं. म्हणून प्रवेशाची वाट न पाहता तिला आजच जवळच्या कर्णबधिर संघटनेत पाठवा, त्यांच्या गप्पांत बसू द्या. दवाखान्यात किंवा कोर्टात मात्र प्रशिक्षणाआधी मदतीलासुद्धा उभं राहू नये. एक चुकीची खूण रुग्णाला चुकीचं औषध देऊ शकते.