भाजीचा दाखला आणि भाजीची शुद्धता

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही उपयोगी लिहावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या मनात प्रथम आली ती आपल्या वसतिगृहातील मुलांच्या ताटातली भाजी. भाजीच्या बाबतीत आपण बेळगावकर भाग्यवान खरे. येथली भाजी रोज गोव्याला जाते. आपल्याला तर ती दारातच मिळते. परंतु ताजी भाजी निर्धोक असतेच असे नाही, आणि सेंद्रिय म्हणून घेतलेली भाजीही निर्धोक असतेच असे नाही. ही गल्लत आमच्याही हातून झाली, म्हणून हा विषय निवडला.

गेल्या वर्षी एका पुरवठादाराने वसतिगृहास सेंद्रिय भाजी देऊ केली. दर बाजारापेक्षा चढा होता, पण सोबत छापील दाखला होता. कमिटीच्या बैठकीत तो हातोहात फिरला, सर्वांनी माना डोलावल्या, आम्हीही डोलावली. घरी येऊन त्याची प्रत सावकाश वाचली तेव्हा ध्यानात आले की, दाखला हळदीचा होता आणि त्याची मुदत सरून चार महिने झाले होते. पालेभाजीचे त्यात नावही नव्हते. उत्तरपत्रिकेचे पहिले पान पाहून आम्ही कधी गुण देत नाही. येथे मात्र नेमके तेच केले!

आपल्या देशात सेंद्रिय मालास मान्यता मिळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, वाणिज्य मंत्रालयाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. यात मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक शेतावर येऊन पाहणी करतो. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांस साधारणतः दोन वर्षे व फळबागेस तीन वर्षे वाट पाहावी लागते. दाखल्यावर पिकांची नावे व मुदत लिहिलेली असते, आणि ती वाचण्यासाठीच असते. दुसरा मार्ग कृषि मंत्रालयाच्या सहभागी हमी पद्धतीचा. यात निदान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात. लहान शेतकऱ्यास तो परवडतो. २०१७ च्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी दोन्ही मार्ग मान्य केले असून ‘जैविक भारत’ हे चिन्ह ठरविले आहे. स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकास विकणाऱ्या लहान शेतकऱ्यास या दाखल्यातून सूट आहे. तेव्हा दाखला नसलेली प्रत्येक भाजीवाली मावशी लबाड, असे कोणी समजू नये.

हे सर्व दाखले भाजी कशी पिकविली हे सांगतात. ती कोणत्या पाण्याने धुतली, कोणत्या हातांनी जुडी बांधली, याची पूर्ण हमी त्यांत नाही. याचे दारुण उदाहरण २०११ साली जर्मनीत घडले. मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ती हगवणीची साथ उसळली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी प्रथम स्पेनच्या काकड्यांवर ठपका ठेवला व तेथील शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. काकड्या निर्दोष होत्या. अखेर माग पोहोचला लोअर सॅक्सनीमधील एका सेंद्रिय शेतावर, जेथे कोशिंबिरीसाठी मोड आणले जात. संशय ठरला तो मेथीच्या बियांवर, आणि त्या आल्या होत्या इजिप्तहून! सुमारे चार हजार लोक आजारी पडले, शेकडोंची मूत्रपिंडे निकामी झाली, पन्नासाहून अधिक दगावले. त्या शेतावर रासायनिक विषाचा प्रश्नच नव्हता. ई. कोलाय जातीचा एक घातक जंतू बियांबरोबर आला आणि मोड येण्यास लागणाऱ्या ऊबदार ओलाव्यात वाढला. उगम सापडला तो मुख्यतः कोणत्या उपाहारगृहात कोठून माल गेला याच्या नोंदी जुळवून.

सेंद्रिय शेतीचा प्राण म्हणजे शेणखत. पण ते पुरते कुजलेले हवे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चे शेणखत घातल्यावर, जमिनीस टेकणाऱ्या खाद्य पिकाची काढणी १२० दिवसांपर्यंत करता येत नाही. इतर खाद्य पिकांस ९० दिवस. आपल्याकडे कोथिंबीर महिना-दीड महिन्यात बाजारात येते, हे येथे ध्यानात घ्यावे. कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो.

म्हणून पुरवठादारास विचारावयाचे ते दाखल्याच्या पलीकडचे. पाणी विहिरीचे की नाल्याचे? खत किती जुने? तोडणी करणाऱ्यांस हात धुण्याची सोय आहे काय? अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक कोणाच्या नावावर आहे? ज्याचा धंदा सरळ आहे तो या प्रश्नांनी रागावत नाही, असा आमचा अनुभव आहे. फार तर हसतो.

हळदीचा दाखला आणणाऱ्या गृहस्थांकडे कमिटीने पालेभाजीचा दाखला मागितला. तो अद्याप आलेला नाही. सध्या भाजी जवळच्या दोन शेतकऱ्यांकडून बाजारभावाने येते, आणि कोणत्या दिवशी कोणाची जुडी आली हे मोठी मुले पाळीपाळीने वहीत लिहितात. मटकी-मुगाचे मोड शिजवूनच वाढावेत, कोशिंबिरीत कच्चे घालू नयेत, असे आचारीमामांस सांगितले आहे. त्यांनी ते मान्य केले, पण फारशा खुशीने नव्हे.