वाडा पाडायचा की ठेवायचा? : एक गणित

'हेरिटेज' म्हटलं की आपल्याला वाटतं, हा इतिहासवाल्यांचा विषय, सिव्हिलवाल्यांचा नाही. पण जुना वाडा टिकतो की पडतो, हे बरेचदा एका साध्या गणितावर ठरतं. ते समजून घ्यायला साताऱ्याचं उदाहरण घेऊ.

सातारा ही छत्रपती शाहू महाराजांची राजधानी. मोती चौक ते राजवाडा हा आजही गावाचा मुख्य बाजार. जागेला मागणी इथेच, आणि जुन्या वास्तूही इथेच. राजवाड्यात पूर्वी सरकारी हायस्कूल भरायचं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव त्याच शाळेत दाखल झालं. म्हणजे वास्तू जपायची ती फक्त नक्षीदार खांबांसाठी नव्हे!

आता गणित. समजा, पेठेत ३०० चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि एफएसआय २ मिळतो. म्हणजे ६०० चौ. मी. बांधकाम करता येतं. वाड्याचं बांधकाम आहे ३५० चौ. मी. उरले २५०. वाडा ठेवला तर मालकाचे हे २५० चौ. मी. वाया जातात. त्यात जुन्या भाडेकरूंचं भाडं इतकं कमी, की त्यातून कौलंही शाकारून होत नाहीत. मग मालक बिल्डरकडे गेला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

यावर उपाय म्हणजे टीडीआर, अर्थात हस्तांतरणीय विकास हक्क. हे उरलेले २५० चौ. मी. मालकाने विकायचे, घेणाऱ्याने ते दुसऱ्या प्लॉटवर वापरायचे. मुंबईच्या १९९५ च्या हेरिटेज नियमावलीत वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या आणि अशा टीडीआरची सोयही झाली. पण मुंबईत जागेची टंचाई आहे, म्हणून टीडीआरला गिऱ्हाईक मिळतं. लहान शहरात गावाबाहेर मोकळी जमीन स्वस्तात मिळत असेल, तर टीडीआर विकत घेणार कोण? म्हणून मोठ्या शहराचा नियम इथे नुसता उतरवून काढून चालत नाही. इथे घरपट्टीत सवलत, दुरुस्तीला अल्प व्याजाचं कर्ज, तळमजल्यावर दुकान किंवा खानावळ चालवायची परवानगी, असे उपाय जास्त कामाचे.

दुसरा मुद्दा रस्तारुंदीचा. नकाशावर एक रेघ ओढली की वाड्यांचे ओटे आणि दर्शनी भिंती त्यात जातात. शिवाय रुंद झालेल्या जागेत गाड्या उभ्या राहिल्या, तर वाहतुकीला फायदा काय? त्याऐवजी बाजाराच्या कडेला पार्किंग आणि गर्दीच्या वेळी एकेरी वाहतूक हा पर्याय आधी तपासायला हवा.

तिसरा मुद्दा थेट आपला. वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब-तुळयांवर असतो. भिंती विटा-मातीच्या, बऱ्याच ठिकाणी नुसत्या भरावाच्या. त्यामुळे भिंत फुगली म्हणजे अख्खा वाडा गेला असं नाही. खांबांचे बुंधे आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आधी तपासा, कारण लाकूड कुजतं ते तिथेच. आणि जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा टाळा. ओल आतच कोंडते आणि भिंत आतून पोखरते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते.

अर्थात प्रत्येक जुनी भिंत वाचवा, असं म्हणणं नाही. आत माणसं राहतात. सांगाडाच खचला असेल तर वाडा उतरवणंच योग्य. पण 'धोकादायक' हा शिक्का तपासणीनंतर बसावा, आधी नाही. आणि त्या तपासणीच्या रिपोर्टवर उद्या सही असणार आहे आपल्यापैकीच कुणाची तरी. तेव्हा सुट्टीत गावी गेलात की आपल्या पेठेतल्या एका वाड्याचं मोजमाप घ्या, आणि वरचं गणित स्वतः मांडून बघा!