पाण्याची वर्दी देणारा दिवा

रायगड जिल्ह्यात रोह्याजवळ, कुंडलिका नदीच्या काठी धाटाव नावाचे गाव आहे. तेथील रासायनिक कारखान्यांमुळे ते सर्वांना परिचित आहे. या नदीच्या वरच्या अंगाला भिरा येथे टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. मुळशी धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून सह्याद्रीखाली उतरते, तेथील चक्रे फिरवते आणि पुढे कुंडलिकेला मिळते. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्याच वर्षी २३ जुलै रोजी मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले.

या दोन घटनांत विजेची दोन रूपे दिसतात. भिऱ्याची वीज बलाढ्य आहे. ती गिरण्या आणि गाड्या चालवते. नभोवाणीच्या यंत्रात खेळणारी वीज मात्र इवलीशी असते. ती ओझे उचलत नाही. ती वार्ता आणते. अशा अल्प विजेकडून निरोप, गणित व पहारा अशी कामे करवून घेणारे शास्त्र म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स होय.

मुलांनो, या शास्त्राचा श्रीगणेशा तुम्हांला घरीही करता येईल. त्यासाठी दीड व्होल्टचे दोन सेल व ते एकापुढे एक बसवण्याची पेटी, एक तांबडा एलईडी दिवा, शंभर ओहमचा व हजार ओहमचा असे दोन रोधक, बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर, थोडी तार आणि भाग टोचून जोडता येतील असा एक ब्रेडबोर्ड एवढे साहित्य पुरे.

प्रथम दिवा लावू. पेटीच्या धन टोकाला शंभर ओहमचा रोधक जोडा. रोधकाच्या दुसऱ्या टोकाला दिव्याचा लांब पाय जोडा आणि आखूड पाय पेटीच्या ऋण टोकाला जोडा. दिवा लागेल. दिव्याचे पाय उलट जोडले तर तो लागणार नाही, कारण या दिव्यातून वीज एकाच दिशेने वाहते. रोधक हा विजेला लगाम घालतो. तो नसेल तर दिव्यातून प्रमाणाबाहेर वीज जाऊन तो निकामी होण्याचा संभव असतो.

आता ट्रान्झिस्टर घेऊ. १९४७ साली अमेरिकेत बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली या शास्त्रज्ञांच्या परिश्रमांतून त्याचा शोध लागला. शेताच्या पाटाला बसवलेले दार एका हाताने उचलले, तरी केवढे तरी पाणी वाहू लागते. ट्रान्झिस्टरचे काम असेच आहे. त्याच्या मधल्या पायाला थोडी वीज मिळाली की बाजूच्या दोन पायांमधून पुष्कळ वीज वाहू लागते. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस व एमिटर असे तीन पाय दिसतात.

दिव्याचा आखूड पाय ऋण टोकापासून सोडवून कलेक्टरला जोडा. एमिटर ऋण टोकाला जोडा. बेसला हजार ओहमचा रोधक जोडून त्याच्या दुसऱ्या टोकाला एक तार लावा. दुसरी तार पेटीच्या धन टोकाला लावा. या दोन्ही तारांची मोकळी टोके सोलून, सुमारे एक सेंटिमीटर अंतर राखून, पेल्याच्या काठाजवळ आत सोडा. ती एकमेकांना लागू देऊ नका. मग पेल्यात हळूहळू पाणी ओता. पाणी दोन्ही टोकांना भिडताच दिवा लागेल! पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे त्यातून किंचित वीज वाहते व तेवढी बेसला पुरते. चिमूटभर मीठ टाकून पाहा, प्रकाश वाढेल. पावसाळ्यात पागोळीखालची बादली भरली, हेही असा दिवा तुम्हांला सांगेल.

पहिल्याच प्रयत्नात दिवा लागला नाही तर निराश होऊ नका आणि सारेच उचकटूही नका. पेल्यातील दोन टोके क्षणभर एकमेकांना लावा. दिवा लागला तर जोडणी ठीक आहे. दोष तारांच्या मळलेल्या टोकांत किंवा पाण्यात शोधा. नाही लागला तर सेल, दिव्याचे पाय, ट्रान्झिस्टरचे पाय व प्रत्येक सांधा क्रमाने तपासा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत टिपून ठेवा.

एक नियम मात्र कधीही मोडू नका. घरातील २३० व्होल्टची वीज या खेळात आणू नका. सेलच्या विजेशी केलेली चूक फार तर एक दिवा घालवील. भिंतीतील विजेशी केलेली चूक प्राण घेऊ शकते.

कारखान्यातील टाकीत द्रव किती चढला आहे, यावरही रात्रंदिवस उपकरणांचा पहारा ठेवावा लागतो. तेथे वर्दी चुकली तर कामगारांच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून अशी उपकरणे जोडणारा व तपासणारा माणूस दक्ष असावा लागतो. ती दक्षता मोठेपणी एकाएकी येत नाही. पेल्यातला लहानसा दिवा का लागला नाही, याचा जो चिकाटीने शोध घेतो, त्याच्या अंगी ती हळूहळू बाणते.

स्वाध्याय
१. दिव्याबरोबर रोधक का जोडावा लागतो?
२. ट्रान्झिस्टरला पाटाच्या दाराची उपमा का दिली आहे?
३. दिवा न लागल्यास दोष कोणत्या क्रमाने शोधाल, ते आपल्या शब्दांत लिहा.