दूरशिक्षणाचे साधन निवडताना

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, वसतिगृह रिकामे झाले आणि जूनपासून अध्यापन कसे चालवावे, हा प्रश्न आम्हा शिक्षकांपुढे उभा राहिला. साधने दोन प्रकारची होती. झूम वा गूगल मीटवर शिक्षक व विद्यार्थी एकाच वेळी समोर येतात. शंका तत्काळ फिटते. मूडल वा गूगल क्लासरूमवर पाठ व स्वाध्याय ठेवलेले असतात. विद्यार्थी सवडीने ते उघडतो आणि कोणी काय पूर्ण केले याची नोंद राहते.

प्रथम आम्ही व्हिडिओ तास निवडले, कारण ते वर्गासारखे वाटत. परंतु काही मुले रोजच गैरहजर राहू लागली. चौकशीअंती कळले, की घरातील एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि सायंकाळी परततो. मुले अभ्यास टाळत नव्हती. आमचीच वेळ चुकत होती.

तेव्हा आम्ही क्रम बदलला. पाठाची पाने व छोट्या ध्वनिफिती क्लासरूमवर ठेवल्या. व्हिडिओ भेट रविवारी सायंकाळी, केवळ शंकांसाठी ठेवली. झूमच्या विनामूल्य बैठकीची ४० मिनिटे तेवढ्याला पुरत. ज्याचा स्वाध्याय आला नाही, त्याच्या घरी रात्री फोन करू लागलो.

आपल्या वस्तीत वा विहारात ऑनलाइन अभ्यासवर्ग चालविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी साधन ठरविण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे : प्रत्येक मुलाच्या हाती फोन केव्हा येतो?